पावलांनी शोधलेली चाल

आषाढ शुद्ध एकादशीचा आजचा पुण्यदिन. चंद्रभागेच्या वाळवंटी वैष्णवांचा मेळा जमला आहे आणि प्रपंचाच्या पाशामुळे ज्यांना घरीच राहावे लागले, त्या भाविक कुटुंबांतूनही आज उपवास, तुळशीपूजन आणि सायंकाळचे भजन यांची लगबग चालली असेल. या मंगलप्रसंगी वारीच्या माहात्म्याविषयी पुष्कळ लिहिले जाते, आणि तसे ते लिहिले जावेही. आम्ही मात्र आज सुज्ञ वाचकांचे लक्ष एका लहानशा शब्दाकडे वेधू इच्छितो. तो शब्द म्हणजे 'चाल'.

माणसाच्या चालण्यालाही मराठीत चाल म्हणतात आणि गाण्याच्या स्वररचनेलाही चालच म्हणतात. शेजारच्या हिंदीत गाण्याच्या चालीला 'तर्ज' किंवा 'धुन' म्हणतात. तेथे पायांचा संबंध उरत नाही. मराठी माणूस मात्र 'या अभंगाला चाल कोणती?' असे विचारतो, तेव्हा नकळत तो पायांचीच भाषा बोलत असतो. शब्दाची व्युत्पत्ती सांगण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु आळंदी ते पंढरपूर ही वाट ज्याने टाळांच्या नादात पायी तुडविली आहे, त्याला या दोन अर्थांमधील नाते समजावून सांगावे लागत नाही.

सामान्यतः आपली समजूत अशी असते की, गाणे आधी आणि त्यावर पाय मागाहून. मृदंग वाजू लागला की पाय थिरकू लागतात, हे खरेच आहे. पण दिंडीमध्ये बारकाईने पाहणाऱ्याला याच्या नेमके उलटेही आढळून येते. तेथे पाय आधी चालू लागतात आणि त्या पायांना शोभेल, पेलेल, पुढे नेईल अशी चाल शोधली जाते. अभंग तोच, संतवचन तेच. पण सपाटीवर त्याला एक चाल लागते, चढावर दुसरी आणि उन्हाने शिणलेल्या दुपारी तिसरीच.

हा शोध कसा चालतो, ते थोडे सविस्तर पाहू. आळंदीहून निघणारा श्री ज्ञानेश्वर महाराजांचा पालखी सोहळा सुमारे २५० किलोमीटरांची वाट चालतो. ज्येष्ठ वद्य अष्टमीला प्रस्थान आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरीत प्रवेश. माणसाचे एक पाऊल दोन-सव्वादोन फुटांचे धरले, तर प्रत्येक वारकऱ्याची साडेतीन ते चार लाख पावले या वाटेवर पडतात. इतकी पावले एकट्याने टाकणे निराळे आणि शेकडो माणसांनी एका दिंडीत, मागेपुढे न होता टाकणे निराळे. पुढे पताका, त्यांच्यामागे टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यामध्ये मृदंग आणि वीणा, आणि मागे डोईवर तुळशीवृंदावन घेतलेल्या माउल्या. या साऱ्यांचे वय निराळे, उंची निराळी, गुडघे निराळे! त्यांना एकत्र बांधणारी दोरी कोणती, तर ती चाल.

विणेकरी अभंग धरतो. पहिले चरण होते, टाळकरी ध्रुपद उचलतात आणि दोन-तीन आवर्तनांतच कळून चुकते की ही चाल पावलांना मानवते आहे की नाही. चाल फार ओढाळ, लांबण लावणारी निघाली, तर पुढचे पताकावाले आपल्या सहज वेगाने पुढे सरकतात आणि मध्ये मोकळी जागा पडू लागते. चाल घाईची निघाली, तर तुळशीवाल्या म्हाताऱ्या बाया मागे राहतात आणि दिंडीची शेपटी तुटते. जाणत्या विणेकऱ्याचे लक्ष अशा वेळी शब्दांकडे असतेच, पण त्याहून अधिक ते मागील रांगांच्या पायांकडे असते. तो मान किंचित हलवून मृदंगवाल्याला खुणावतो, ठेका बदलतो, ध्रुपद नव्या वळणाने घेतले जाते आणि दिंडी पुन्हा एकसंध होते. हे सारे इतक्या सहजतेने घडते की, रस्त्याकडेला उभे राहून दर्शन घेणाऱ्याला काही घडल्याचे कळतही नाही. चाल जमली याची खूण एकच. मधली मोकळी जागा नाहीशी होते.

हे शक्य होते याचे बरेचसे श्रेय अभंगाच्या घडणीला द्यावे लागेल. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा. लहान अभंगात सामान्यतः आठ-आठ अक्षरांचे दोन चरण. येथे लघु-गुरूंचा जाच नाही. माधवराव पटवर्धनांनी 'छंदोरचने'त दाखविल्याप्रमाणे या अक्षरछंदांत प्रत्येक अक्षर दीर्घच उच्चारावयाचे असते. म्हणजे अक्षर हे जणू एकेक पाऊलच झाले. शार्दूलविक्रीडित म्हणत कोणी घाट चढून दाखवावा! तेथे लघूंची धावपळ आणि गुरूंचे ठाण यांत पाय अडखळल्यावाचून राहणार नाहीत. अभंगाची अक्षरे मात्र ओढली तर ओढली जातात, आवळली तर आवळली जातात, आणि मोडत नाहीत. आम्हांला तर वाटते, मोठ्या अभंगाचा तो चार अक्षरांचा आखूड चौथा चरण म्हणजे चालणाऱ्याला ठेवलेली श्वासाची जागा आहे. तीन चरण म्हणावेत, चौथ्याला थोडे थांबावे, छातीत वारा भरून घ्यावा आणि पुन्हा उचल करावी. ज्ञानदेवांचा हरिपाठ याच छंदात आहे आणि तो आपल्या घरातील लहान मुलेसुद्धा टाळ्यांच्या ठेक्यावर धापा न टाकता म्हणू शकतात, याचे मर्म येथे असावे.

या शोधाची खरी परीक्षा दिवेघाटात होते. पुण्याहून सासवडपर्यंतचा हा टप्पा सबंध वाटेवरील सर्वांत लांबच्या टप्प्यांपैकी एक; तीस किलोमीटरांहून अधिक. त्यातच बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशीचा उपवास. वडकीच्या विसाव्यानंतर घाट सुरू होतो. माउलींच्या रथाला येथे जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात. बैलांना जादा जोड मिळते, पण माणसांना कोण मिळणार? माणसांना चाल मिळते. सपाटीवर जो ठेका एका पावलाला एक ठोका देत असतो, तो चढावर ठायीत जातो. पाऊल आखूड पडू लागते, शरीर पुढे झुकते, टाळ छातीपाशी येतात. पट्टीचा मृदंगवाला येथे आपले कसब दाखविण्याच्या मोहात पडत नाही. तो बोल विरळ करतो, सम तेवढी ठसठशीत देतो. कारण चढावरच्या माणसाला नक्षीची गरज नसते. पुढचे पाऊल कोठे टाकावयाचे, एवढेच त्याला कानांनी हवे असते. मधूनच एखादी दिंडी पावली घेते, म्हणजे दोन पावले पुढे जाऊन एक मागे येते. चढ चढत असताना मागे पाऊल घेणे हा वेडेपणा वाटेल. परंतु त्या एका मागच्या पावलात पोटऱ्यांना क्षणभर उसंत मिळते, असे अनुभवी वारकरी सांगतात आणि आम्ही त्यांच्यावर विश्वास ठेवतो.

घाटमाथा आला की, सारे पालटते. वारा अंगावर येतो, पाय आपोआप लांब पडू लागतात आणि हाच ठेका दुगुनीत उसळतो. कोणी 'आता जलद घ्या' असे सांगत नाही. सांगावे लागत नाही.

पावसाचा विषय निघाला आहे म्हणून एक गोष्ट सांगण्याजोगी. मृदंगाच्या डाव्या पुडीला कणीक लावलेली असते आणि दोन्ही पुड्या कातड्याच्या. आषाढाची सर आली की कातडे ओलसर होऊन सैल पडते, नाद बसका होतो. वारकरी मृदंगावर कागदाचे किंवा प्लॅस्टिकचे आच्छादन घालतात, पण हवेतला ओलावा थोडाच अडतो? त्याच वेळी वाट चिखलाची झालेली असते आणि पायही जड पडू लागलेले असतात. अशा वेळी वरचा सूर आणि जलद ठेका दोन्ही साधत नाहीत, आणि साधू नयेतही. निसर्गच वाद्याला आणि पायांना एका पट्टीत आणून बसवितो.

वेळापूरच्या अलीकडे आणखी एक चमत्कार पाहावयास मिळतो. तेथील उतारावर 'धावा' होतो. तुकाराम महाराजांना या ठिकाणाहून विठुरायाच्या मंदिराचे शिखर दिसले आणि ते पंढरीच्या ओढीने धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. त्या स्मृतीने आजही वारकरी तेथे धावतात. ज्याने हा धावा पाहिला आहे, त्याने हेही ऐकले असेल की, धावताना अभंग सुटतो. सहा अक्षरांचा चरणसुद्धा धावणाऱ्याच्या दमाला पुरा पडत नाही. उरते ते केवळ नाम, दोन-तीन अक्षरांचे आणि एका उच्छ्वासात मावणारे. शास्त्रीपंडितांनी नामस्मरणाचे श्रेष्ठत्व परोपरीने सांगितले आहे. धावणाऱ्या छातीने ते आपल्यापुरते एका क्षणात शोधून काढलेले असते. गाता गाता नाम उरते की धावता धावता, या वादात आम्ही पडणार नाही.

रिंगण आणि त्यानंतरचे उडीचे खेळ यांविषयी वाचकांनी इतके वाचले-पाहिले आहे की, येथे पुनरुक्ती नको. मात्र शेकडो टाळकरी वाकून, बसून, प्रसंगी आडवे होऊनही एकच ठेका राखतात, तेव्हा लय ही केवळ कानांत नसून मणक्यांत आणि मांड्यांत असते, हे मानावेच लागते.

पावले चाल शोधतात, तसेच हातही शोधतात. आमच्या मातामह्यांनी पहाटेच्या अंधारात जात्याचा खुंटा धरला, तेव्हा त्यांना कोणी गाणे शिकविले नव्हते. दगड फिरू लागला, त्याच्या एका फेऱ्याला जेवढा वेळ लागे, तेवढ्यात मावणारे शब्द ओठांवर आले आणि ओवी झाली. मूठभर दाणे वैरले की दगड जड होतो, हात मंदावतो. तेथे स्वर लांबतो. दाणे दळून सरत आले की दगड हलका होतो, आणि ओवीही चपळ होते. समोरासमोर बसून दोघी दळीत असतील, तर एकीने ओढ घेताना दुसरीने म्हणावे, अशी वाटणीही खुंट्यानेच ठरविली. हेमा राईरकर आणि गी पॉयटव्हँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्यांतील असंख्य ओव्या पंढरीच्या वाटेच्या, विठूच्या आणि रुक्मिणीच्या आहेत. ज्या बाईला जन्मात वारी घडली नाही, तिने जात्याभोवती हात फिरवीत पंढरीची प्रदक्षिणा केली, असेच म्हणावयास हवे.

मग गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या. त्यांनी बायकांचे कष्ट वाचविले आणि ते वाचावयासच हवे होते. पहाटे तीनला उठून दळण्याचे गोडवे गाणाऱ्यांनी स्वतः एकदा पायलीभर जोंधळे दळून पाहावेत. पण खुंटा सुटला, तशी ओवीही ओठांवरून सुटली, हेही तितकेच खरे. घरातील एखाद्या वृद्धेला 'आजी, ओवी म्हणा' अशी गळ घालून पाहावी. ती आठवू लागते, अडखळते आणि मग तिचा उजवा हात मांडीवर गोल फिरू लागतो. हात फिरला की शब्द येतात. गाणे तिने डोक्यात साठविलेलेच नव्हते; ते दंडात साठविलेले होते.

आता नव्या युगाची एक हकीकत. धावणारा मनुष्य मिनिटाला किती पावले टाकतो, हे त्याच्या खिशातील दूरध्वनियंत्र मोजू शकते. प्रत्येक पावलागणिक शरीराला जो सूक्ष्म धक्का बसतो, तो यंत्रातील गतिसंवेदक टिपतो. त्यावरून वेग काढला जातो आणि तेवढेच ठोके असणारे गाणे भांडारातून हुडकून ऐकविले जाते. 'स्पॉटिफाय' या संगीतसंस्थेने २०१५ साली अशी सोय धावणाऱ्यांसाठी काढली होती आणि २०१८ साली ती बंदही केली. कल्पना चांगली होती, यात शंका नाही. पण वाचकांच्या लक्षात आले असेलच की, आमचा विणेकरी हे काम पूर्वापार करीत आला आहे. त्याच्याजवळ गतिसंवेदक नाही, डोळे आहेत. आणि गाण्यांचे भांडार त्याला पाठ आहे. शिवाय यंत्र एकट्याच्या पावलांना गाणे शोधून देई, विणेकऱ्याला ते अवघ्या दिंडीसाठी शोधावे लागते.

शास्त्रज्ञही आता या वाटेने चालू लागले आहेत. डच शास्त्रज्ञ ख्रिस्टियान हायगेन्स यांनी १६६५ साली पाहिले होते की, एकाच तुळईला टांगलेल्या दोन घड्याळांचे लंबक काही वेळाने आपसांत मेळ साधून हलू लागतात. माणसांचेही काहीसे तसेच होते. सहज चालणारा माणूस मिनिटाला साधारणपणे १०० ते १२० पावले टाकतो आणि त्या वेगाच्या आसपासचा ठोका कानी पडला की, पाऊल त्यावर जाऊन बसू पाहते. कंपवाताने ज्यांचे पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात, अशा रुग्णांना ठरावीक ठोक्याच्या नादावर तीन आठवडे चालविले असता त्यांचा वेग आणि पावलांची लांबी सुधारली, असे अमेरिकेतील मायकेल थॉट आणि त्यांचे सहकारी यांनी १९९६ साली प्रसिद्ध केले. तेथेही आरंभी रुग्णाची स्वतःची चाल मोजून, मगच नादाचा वेग ठरविण्यात आला होता. घरी जो मनुष्य काठीवाचून अंगणात उतरत नाही, तो दिंडीत कोसच्या कोस कसा जातो, हे ज्यांना कोडे वाटते, त्यांनी या प्रयोगाचा अवश्य विचार करावा. श्रद्धा तर आहेच. पण त्या श्रद्धेने पायांशी बोलावयाचे ते टाळाच्या जिभेने.

येथे आम्हांला एक सावधगिरीची सूचना करणे कर्तव्य वाटते. अलीकडे काही ठिकाणी दिंडीबरोबरच्या वाहनावर ध्वनिक्षेपक बसवून ध्वनिमुद्रित भजने वाजविली जातात. हेतू वाईट नसतो. गाणारे गळे बसतात, मृदंगवाला थकतो, तेव्हा ही सोय बरी वाटते. मात्र ध्वनिमुद्रिकेला डोळे नसतात. चढ आला तरी ती मंदावत नाही, मागच्या रांगेत कोणी म्हातारी अडखळली तरी तिला पत्ता लागत नाही. दिंडी तिच्या वेगाने धावू पाहते आणि मध्ये ती मोकळी जागा पडते. गर्दीच्या वाटेवर अशी जागा मागून धावत येऊन भरून काढावी लागते, आणि त्या धावण्यातच वृद्ध पायांखाली येण्याचा धोका असतो. म्हणून हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नाही.

सिनेमाच्या चालींवर अभंग म्हणण्याविषयी जुनी मंडळी नेहमी नाराजी व्यक्त करतात. आमचे मत याबाबतीत थोडे निराळे आहे. चाल कोठून आली, यापेक्षा ती कोणाच्या पायांना विचारून आली, हे पाहावे. पुष्कळशा सिनेमाच्या चाली दिंडीत टिकत नाहीत, याचे कारण त्या पापी आहेत हे नव्हे. त्यांच्यात जागोजागी वाद्यमेळासाठी सोडलेल्या रिकाम्या जागा असतात आणि चालणाऱ्याचे पाऊल त्या रिकाम्या जागेत अधांतरी लोंबकळते. एखादी टिकलीच, तर चार वर्षांत तिचे वळण असे घासले जाते की, ती मूळची कोठली हे कोणाला आठवतही नाही. आळंदीची वारकरी शिक्षण संस्था १९१७ साली विष्णुबुवा जोग महाराजांनी स्थापन केली. तेथून किंवा गावोगावच्या बुवांकडून शिकून जी तरुण मुले आज गळ्यात टाळ अडकवून उभी राहतात, त्यांना शंभर चाली पाठ असतात. त्यांतील कोणती केव्हा काढावयाची, हे मात्र त्यांना वाटच शिकविते. आपल्या घरातील मुलगा वा मुलगी भजन शिकत असेल, तर तिला निदान एक दिवस दिंडीबरोबर चालू द्यावे, असे आम्ही पालकांस आग्रहाने सुचवू.

लय राखणे जसे या समाजाला ठाऊक आहे, तसे ती थांबविणेही. मुक्कामी पालखी पोहोचते, दिंड्या सभोवार उभ्या राहतात आणि चोपदार आपला दंड उंच करतो. क्षणात हजारो टाळ निःशब्द होतात. परंतु एखाद्या दिंडीवर दिवसभरात काही अन्याय झालेला असेल, तर तिचे टाळ थांबत नाहीत. त्या नादाच्या रोखाने चोपदार जातो, तक्रार ऐकून घेतो, तोडगा निघतो; मग ते टाळ शांत होतात आणि समाजआरती होते. अर्ज नाही, आरडाओरड नाही. दिवसभर सर्वांशी जुळवून घेतलेला ठेका एवढा एक वेळ न जुळविणे, हीच फिर्याद.

आजची एकादशी सरेल, पौर्णिमेला गोपाळपुरी काला होईल आणि पालख्या परत फिरतील. परतीच्या वाटेवर ना रिंगणे असतात, ना दर्शनाची दाटी. येताना अठरा दिवसांची झालेली वाट जाताना बऱ्याच कमी दिवसांत उरकावयाची असते, कारण वद्य पक्षातील दशमी-एकादशीच्या सुमारास माउलींना आळंदीस पोहोचवावयाचे असते. मुक्काम थोडे, टप्पे लांब. सोबतीला उरलेले मोजके वारकरी पहाटेच्या गारव्यात निघतात, पाऊल लांब टाकतात, आणि विणेकरी जाताना म्हटलेलाच अभंग नव्या चालीवर धरतो.